गोष्टीतली गप्प जागा

गुरुजींनी शाळेजवळच्या वस्तीवर खोली भाड्याने घेतली, तेव्हा घरमालकाने सामान कधी येणार असे विचारले. सामान दुसऱ्या दिवशी आले. जीपच्या टपावर दोरखंडाने आडवी बांधलेली एक रिकामी कणगी, आणि आत मांडीवर वळकटी घेऊन बसलेले गुरुजी. कणगी म्हणजे भात साठवायची, बांबूच्या कामट्यांनी विणलेली, आतून-बाहेरून शेणाने सारवलेली, माणसाच्या छातीइतकी उंच टोपली. गुरुजी मढच्या बाजूचे. तिकडे भात पिकते, म्हणून घरोघर कणगी असते. नारायणगावच्या अलीकडच्या आमच्या शिवारात ऊस, टोमॅटो आणि द्राक्षे. घरमालकाने कणगीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "गुरुजी, हिच्यात भरणार काय तुमी?"

"मी बसणार," गुरुजी म्हणाले.

ते खरेच बसत. शाळा सुटली की खोलीवर जात, कणगीत उतरत, डोक्यावरून घोंगडी ओढून घेत आणि मोबाइलमध्ये गोष्ट बोलत. बाहेर उसाचे ट्रॅक्टर, कालव्यावरच्या मोटारी, कुणाच्या तरी घरातला टीव्ही. कणगीत यातले काही पोचत नसे. "कणगीत आवाज भातासारखा राहतो, बाई. सांडत नाही," असे त्यांनी मला सांगितले होते. धुणे घेऊन कालव्यावर जाणाऱ्या बाया त्यांच्या खिडकीपाशी थबकत. खोलीत माणूस दिसत नाही आणि टोपलीतून कुणी म्हातारी बोलते आहे, एवढे त्यांना आठवडाभर पुरे. आंबे पिकायला घालतात तसे गुरुजींना अढीत घातलेत, असे त्या म्हणत. "आज दाबू नका गं त्यास्नी, कच्चे हायेत अजून," असे एकीने खिडकीत डोके घालून म्हटलेले आतून गुरुजींनी ऐकले, आणि त्या दिवशीच्या गोष्टीत ते वाक्य एका म्हातारीच्या तोंडी तसेच्या तसे आले.

यंदाच्या थंडीत गुरुजी गेले. तेव्हापासून त्यांच्याविषयी लिहायचे मनात आहे. लिहायला बसले की पहिल्यांदा कणगी दिसते, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली.

आमची शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. मध्ये फक्त एक पत्र्याची आडभिंत, त्यामुळे त्यांचा वर्ग मला दिसत नसे पण सगळा ऐकू येत असे. मी जुन्नरहून रोज ये-जा करत असे. मला वाचायची सवय, त्यांना पुस्तकाचा कंटाळा. म्हणजे वाचत नव्हते असे नाही, पण चित्रांची पुस्तके आली की ती कपाटात वरच्या फळीवर ठेवून देत. चित्र दाखवले की पोर बघते आणि ऐकवले की पोर स्वतः काढते, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे एक वाक्य वस्तीवर म्हणीसारखे झाले होते : "डोळे आयतं खातात, कान राबून खातात."

शाळा बंद होत्या त्या काळात त्यांनी गोष्टी बोलायला सुरुवात केली. पालकांच्या मोबाइलवर पाठवायच्या, पोरांनी घरी ऐकायच्या. शाळा उघडल्या तरी ते थांबले नाहीत. वर्गात एक लहानसा स्पीकर आणला. गोष्टीतले सगळे आवाज ते घरीच करत. सुपात नाचणी घोळवली की पाऊस. करवंट्या फरशीवर आपटल्या की घोडा. वेफरच्या रिकाम्या पुड्या मुठीत चुरगाळल्या की जाळ. त्या पुड्यांसाठी त्यांनी पोरांना सांगून ठेवले होते, आणि पोरे जाळ कमी पडू नये म्हणून जास्त वेफर खाऊ लागली. एका आजोबांनी शाळेत येऊन विचारले, "गुरुजी, आमचं पोरगं म्हणतंय सरांना आग पाहिजे, धा रुपये दे. ही काय भानगड हाय?"

पण गुरुजींच्या गोष्टीचे खरे मर्म आवाजात नव्हते. प्रत्येक गोष्टीत एक जागा अशी येई की तिथे गोष्ट थांबायची. मोबाइल बिघडला असे वाटावे इतकी थांबायची. तिला ते गप्प जागा म्हणत. पोरे डोळे मिटून बसलेली असत. त्या जागेत काय घडले ते गोष्ट सांगत नसे, पोरांनी पाहायचे. मग आवाज परत येई, गोष्ट संपे, आणि गुरुजी पहिल्या ओळीपासून एकेकाला विचारत, "काय दिसलं?" कुणालाही वगळायचे नाही. उत्तर बरोबर की चूक ते सांगायचे नाही. पोर सांगे, गुरुजी "बरं" म्हणत आणि पुढच्याकडे वळत. दुसरा प्रश्न त्यांनी कधी कुणाला विचारला नाही. मी एकदा म्हटले, एखाद्याने छान काही सांगितले तर पुढे विचारावे. ते म्हणाले, "दुसरा प्रश्न विचारला की पोर पहिलं उत्तर बदलतं. त्याला वाटतं आपलं चुकलं."

गप्प जागा किती लांब ठेवायची, हे त्यांना घड्याळाने ठरवता येत नव्हते. ते कणगीत डोळे मिटून बसत. त्यांना स्वतःला काहीतरी दिसले की पुढचे वाक्य बोलत. दिसेपर्यंत थांबत.

एकदा केंद्रप्रमुख शाळा बघायला आले. उपक्रमाचा फोटो वरती पाठवायचा होता. त्यांनी काढलेल्या फोटोत अख्खा वर्ग डोळे मिटून, कुणी मान टाकून, कुणी तोंड उघडे ठेवून बसलेला. फोटो गेल्यावर वरून विचारणा झाली की ही शाळा आहे की मधली सुट्टी. केंद्रप्रमुख चिडले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "साहेब, फोटोत ऐकू येत नाही." पुढच्या वेळी केंद्रप्रमुखांनी पोरांना डोळे उघडे ठेवायला सांगितले आणि मगच फोटो काढला.

त्यांची आणखी एक सवय सांगते, कारण ती पुढे मोडली. ते कधी मागे वळून पाहत नसत. फळ्यावर लिहिता लिहिता दारातल्या पोराला नाव घेऊन आत बोलावत. कोणाची चप्पल कशी वाजते ते त्यांना पाठ होते. रस्त्याने जाताना मागून हाक आली तर न वळता उत्तर देत. "कान मागंच असतात," असे म्हणत.

त्यांच्या वर्गात तिसरीला वैशू नावाची मुलगी होती. तिचे वडील नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा टेम्पो चालवत. आई घरची थोडी शेती आणि दोन गाई सांभाळायची. वैशू तशी अभ्यासात मधलीच. पाढे म्हणताना खिडकीबाहेर बघायची. पण गप्प जागेत तिच्याइतके कुणाला दिसत नसे.

"डोंगरातलं दार" ही गुरुजींची पोरांना सगळ्यांत आवडती गोष्ट. मेंढ्या राखणाऱ्या एका पोरीचे कोकरू हरवते. शोधत शोधत ती डोंगराच्या पोटाशी जाते. तिथे एक लाकडी दार. दार कुरकुरत उघडते, तो आवाज गुरुजींच्या खोलीच्या दाराचा. ती आत जाते. इथे गप्प जागा. मग गुरुजींचा आवाज येतो : "मग ती बाहेर आली. हातात जे व्हतं, ते तिनं कुणाला दाखवलं न्हाई."

पहिल्यांदा ऐकवली तेव्हा कुणाला आत सोने दिसले, कुणाला नाग, एकाला जेसीबी. वैशू म्हणाली, "आत एक माणूस चहा पीत बसलाय. मला म्हनला, दुसरा कप नाय." वर्ग हसला. गुरुजी "बरं" म्हणाले. महिन्याभराने पोरांनी तीच गोष्ट मागितली, तेव्हा वैशूने सांगितले की तो माणूस आज नव्हता, पण दोन कप धुऊन पालथे घातले होते. बाकीच्या पोरांना दर वेळी काहीतरी वेगळेच दिसायचे. हिने मागच्या वेळी आत काय ठेवले होते ते हिच्या लक्षात राहायचे. आडभिंतीपलीकडे मी माझ्या पोरांना अक्षरे गिरवायला देऊन तिच्या उत्तराची वाट बघत असे.

आमच्या भागात बिबट्या नवा नाही. ऊस त्याचे घर झाले आहे. तिथेच तो जन्मतो, तिथेच वाढतो. वनखात्याची माणसे दर वर्षी शाळेत येऊन सांगून जातात : तिन्हीसांजेला एकट्याने फिरू नका, शेतात वाकून बसू नका, पोरांना मध्ये किंवा पुढे ठेवा, चालताना मोठ्याने बोला, मोबाइलवर गाणी लावा. माणसाचा आवाज आला की तो वाट सोडतो. त्यामुळे संध्याकाळी आमच्या बांधांवरून सारखा कुठला ना कुठला आवाज चाललेला असतो. कुणाचे भजन, कुणाचे सिनेमाचे गाणे, कुणाची हिंदी मालिका. पोरे हळूहळू गाण्यांऐवजी गुरुजींच्या गोष्टी लावू लागली. गाण्याला सगळेच कंटाळलेले होते. वाटेवर म्हातारीचा, घोड्याचा, पावसाचा आवाज करत पोरे घरी जात. गुरुजींना त्याचे फार बरे वाटे. संध्याकाळी ओट्यावर बसून ते कोणत्या बांधावरून कोणती गोष्ट चालली आहे ते ऐकत. मला एकदा म्हणाले होते, "माझ्या गोष्टी राखण करतात, बाई."

उसाची तोड सुरू झाली होती. तोड लागली की उरलेल्या उसात बिबट्या दाटतो, हे सगळ्यांना माहीत असते. त्या दिवशी वैशूची आई गाईंसाठी उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पाती, आणायला गेली होती. शाळा सुटल्यावर वैशू तिच्याकडे गेली. दिवेलागणीला दोघी निघाल्या. आईच्या डोक्यावर वाढ्याचा भारा. वाढ्याची लांब पाती पुढे डोळ्यांवर आणि दोन्ही खांद्यांवर लोंबतात. पोर पुढे असले तर पायात येते. बांध एका माणसापुरताच रुंद. म्हणून वैशू मागे होती आणि आईचा मोबाइल तिच्या हातात होता. डोक्यावर भारा असला की मान वळत नाही. वळायचे तर अख्खे माणूस वळावे लागते, आणि बांधावर तेवढी जागा नसते. तेव्हा आई कानाने मागचे बघत चालली होती. गोष्ट वाजते आहे म्हणजे पोर मागे आहे.

रात्रभर वस्ती उसात होती. सकाळी वैशू सापडली. त्याविषयी मी लिहीत नाही.

नंतरचे दिवस जसे असतात तसेच गेले. पिंजरे आले, अधिकारी आले, कॅमेरे घेऊन माणसे आली. वैशूची आई भिंतीला टेकून बसलेली असायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची, तेवढ्याच शब्दांत. मी आणि गुरुजी गेलो तेव्हाही तिने तेच सांगितले.

"माझं ध्यान मागंच व्हतं. गोष्ट चालली व्हती. दार वाजलं, मंग गप झालं. मला वाटलं गप जागा आली. तिथं ती गपच आसती. मी आपली चालत ऱ्हायले. मंग गुरुजी परत बोललं. ते डाव्या अंगाला बोललं. खालून. उसाच्या कडंनं."

तिने गुरुजींकडे पाहिलेही नाही. ते आल्याचे तिच्या लक्षात आले नसावे. बायकांच्या मागे उभे राहून त्यांनी एवढेच विचारले, "दाराची गोष्ट?"

"व्हय," ती म्हणाली. "दाराची."

आम्ही दोघे शाळेकडे निघालो. कालव्याच्या पुलावर गुरुजी थांबले आणि मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. मी त्यांना वळताना पहिल्यांदाच पाहत होते. थोडे पुढे जाऊन ते पुन्हा वळले.

मला जे सुचले ते मी त्यांना पुढच्या काही दिवसांत सांगितले. बिबट्या आवाज चालू असतानाही येतो. उसातून झडप घालायला त्याला एक क्षण पुरतो. आई त्याच क्षणी वळली असती तरी डोक्यावर भारा घेऊन काय करणार होती. नक्की केव्हा काय झाले ते कुणालाच कळणार नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ती जागा फार मोठी झाली होती, बाई. बाकीच्या गोष्टींत मला पटकन दिसायचं. त्या दाराआड मला काहीच दिसेना. म्हणून मी बसून राहिलो." पुढे म्हणाले, "कदाचित ती ओरडलीही नसेल. पण आईनं जे ऐकलं ते मी केलेलं होतं."

 

मग ते घरोघर गेले. प्रत्येकाला सांगत, मोबाइलमधल्या माझ्या गोष्टी पुसून टाका. लोक अवघडले. कुणाचे पोर गोष्टीशिवाय झोपत नव्हते, कुणाच्या घरी म्हातारी ऐकत होती. घरमालक त्यांचा हात धरून म्हणाला, "गुरुजी, पोरगी बिबट्यानं न्हेली. गोष्टीनं नाय न्हेली. तुमी कशापायी अंगावर घेता?" गुरुजी हात सोडवून पुढच्या घरी गेले. काहींनी त्यांच्यादेखत पुसल्या. काहींनी पुसल्या म्हणून सांगितले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पोरे संध्याकाळी वाटेने जातच होती आणि त्यांना आवाज हवाच होता. गुरुजी पुन्हा कणगीत उतरले आणि सगळ्या गोष्टी नव्याने बोलले. या वेळी गप्प जागा नव्हत्या. शिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे बैलाची घुंगुरमाळ वाजत होती. एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हाताने ती माळ हलवत ते तासन् तास बसत. एक क्षणही थांबली तर पहिल्यापासून बोलत. त्यांचा हात सुजला. वाटेसाठी त्या गोष्टी चांगल्या होत्या. आजही आमच्या बांधांवर त्याच वाजतात. लांबून एखादी बैलगाडी चालल्यासारखे वाटते.

वर्गात मात्र त्या चालल्या नाहीत. पहिली गोष्ट संपली आणि सवयीने गुरुजींनी विचारले, "काय दिसलं?" पोरांची चुळबूळ ऐकू आली. शेवटी एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, ह्यात शिरायलाच नाय."

गुरुजी "बरं" म्हणाले आणि स्पीकर बंद केला. नंतर तो कपाटात चित्रांच्या पुस्तकांशेजारी गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाठ्यपुस्तक काढले. ओळीने एकेकाने उभे राहून वाचायचे. आडभिंतीपलीकडून आता इतर कुठल्याही शाळेसारखा आवाज येऊ लागला. केंद्रप्रमुख आले, फोटो चांगला आला, त्यांनी गुरुजींचे कौतुक केले.

त्यांचे वळणे मात्र वाढत गेले. चार पावले टाकली की मागे बघायचे. फळ्यावर एक शब्द लिहिला की मागे बघायचे आणि सगळी पोरे जागेवर आहेत याची खात्री करून दुसरा शब्द लिहायचे. चपलांचे आवाज ओळखणारा माणूस डोळ्यांनी पोरे मोजू लागला. रस्त्यावर पोरे त्यांची नक्कल करत. मोठी माणसे सुरुवातीला विचारायची, "कोन येतंय मागं, गुरुजी?" नंतर त्यांनी विचारणे सोडले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली आणि गावाकडच्या शाळेत गेले. जाताना कणगी पुन्हा जीपवर चढली. मध्ये कधी फोन केला तर ते घुंगुरमाळ चालू आहे ना, एवढेच विचारत. झोपेतच गेले असे त्यांच्या भावाने फोनवर सांगितले. मी मढला गेले तेव्हा दारातल्या माणसांची पांगापांग झाली होती. भावाने मला आत नेऊन कणगी दाखवली. तोंडापर्यंत नवे भात भरलेले होते. "आमी म्हनायचो, दादा, कणगी रिकामी ठिऊ नये, अपशकुन आसतो," तो म्हणाला. "पन त्यो भरू देत नव्हता. तेरावा झाला नि भरली." आणि मग जरा ओशाळून, "तिकडं त्यो हिच्यात बसून काय करायचा वो, बाई? आमाला कधी सांगितलं न्हाई."

गोष्टी बोलायचे, असे मी सांगितले. वैशूची आई शाळेत आली त्या दिवसाबद्दल मी तिथे कुणाशी बोलले नाही. ते इथे सांगते.

गुरुजींची बदली व्हायच्या आधीची गोष्ट. दुपारची सुट्टी नुकतीच संपली होती. ती दारात येऊन उभी राहिली. हातात तोच मोबाइल, काच फुटलेली. गुरुजी फळ्याकडून वळले ते तसेच थांबले. मी आडभिंतीच्या कडेला येऊन उभी राहिले. ती म्हणाली की दाराची गोष्ट वर्गात लावायची आहे. गुरुजी म्हणाले, ती मी पुसून टाकली. ती म्हणाली, माझ्या मोबाइलात आहे.

"घरी ऐकायला जाते," ती म्हणाली, "पन दार वाजलं की बंद करते. एकटीला फुडं ऐकवत नाय. हितं पोरं बसत्यात. माझी बी हितंच बसायची. मला तिच्या जागंवर बसून ऐकायचीय."

 गुरुजी नाही म्हणतील अशी मला भीती वाटली, आणि हो म्हणतील अशीही. मग ते कपाटाकडे गेले आणि स्पीकर काढला. चौथीतल्या एका मुलीने तो जोडून दिला. वैशूची आई खिडकीशेजारी सतरंजीवर, दोन पोरांच्या मध्ये, पदर गुडघ्यांवर ओढून बसली. शेजारची पोरे सरकली. कुणी न सांगता सगळ्यांनी डोळे मिटले.

गुरुजींचा जुना आवाज वर्गात आला, घुंगुरमाळेशिवायचा. मेंढ्या. कोकरू. डोंगराची चढण. दार कुरकुरले. आणि गोष्ट थांबली.

मी डोळे मिटले नाहीत. गुरुजी टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभे होते. ती जागा खरेच फार लांब होती. मी पूर्वी ती अनेकदा ऐकली होती, पण तिची लांबी तोवर मला कळली नव्हती. बाहेरून उसाचा एक ट्रॅक्टर लांबून आला, शाळेसमोरून गेला, लांब गेला, तरी ती संपली नाही. वैशूच्या आईचे डोळे घट्ट मिटलेले होते. मध्येच तिची मान हलली. भारा नसलेली मान, सावकाश, एका बाजूने वळत पूर्ण मागे गेली आणि तिथेच थांबली.

"मग ती बाहेर आली," स्पीकरमधले गुरुजी म्हणाले. "हातात जे व्हतं, ते तिनं कुणाला दाखवलं न्हाई."

पोरांनी डोळे उघडले आणि गुरुजींकडे पाहिले. नियम त्यांना माहीत होता. कुणाला वगळायचे नाही. गुरुजींनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. 

"काय दिसलं?"

एकाला कोकरू दिसले. "बरं." एकाला म्हातारी भाकऱ्या थापताना दिसली. "बरं." एक म्हणाला, आत लई अंधार हाय, काय दिसना. "बरं." खिडकीच्या ओळीत गुरुजी थांबत थांबत पुढे सरकले. वैशूच्या आईच्या आधीच्या पोराने आपले उत्तर सांगितले ते मला ऐकू आले नाही. मग ते तिच्यासमोर आले. त्यांनी प्रश्न विचारला नाही.  पण ती वाट बघत होती, आणि सगळी पोरे वाट बघत होती.

"काय दिसलं?" गुरुजी म्हणाले.

"मी मागं वळून बघितलं," ती म्हणाली.

 आता ते "बरं" म्हणतील आणि पुढच्या पोराकडे वळतील, असे मला वाटले. गुरुजींनी आयुष्यात कुणाला दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

"मग?" त्यांनी विचारले.

"व्हती," ती म्हणाली. "येत व्हती."

"बरं," गुरुजी म्हणाले.